जर्मन विभक्ती मला कचऱ्याच्या डब्यांनी शिकवली

खारी_बिस्किट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे चौदा महिन्यांपूर्वी आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका लहानशा गावात आलो. निघण्याआधी पुण्यात घाईघाईने ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, उरकलं होतं. देर-दी-दासचा, म्हणजे शब्दाच्या लिंगाप्रमाणे पुढे लागणाऱ्या उपपदांचा, तक्ता पाठ, परीक्षेत मार्कही बरे. आणि इथे पहिल्याच दिवशी बेकरीत बाईने "वास दार्फ्स झाइन?" (काय देऊ?) विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना. बोटाने पाव दाखवला, नोट पुढे केली आणि सुटले.

तक्ता खरा डोक्यात शिरला तो कचऱ्यामुळे. आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं. मागच्या अंगणात डबे ओळीने उभे: उरलासुरला कचरा (रेस्टम्युल), ओला कचरा (बिओटोने), रद्दी (आल्टपापीअर). शिवाय प्लास्टिकसाठी पिवळी पिशवी. तळमजल्यावर ७८ वर्षांच्या एक आजी राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या डब्यांवर उघडते, बाकी तुम्ही समजून घ्या.

दुसऱ्या आठवड्यात मी दुकानातली पावती रद्दीत टाकली. आजी चपला घालून बाहेर. पावती दोन बोटांत धरून वर काढली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "देर बॉन गेह्योर्ट निश्ट इन्स आल्टपापीअर. देर गेह्योर्ट इन देन रेस्टम्युल." पावतीचा कागद रसायन लावलेला असतो, तो रद्दीत चालत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा कानात राहिलं ते एवढंच : इन्स आल्टपापीअर, इन देन रेस्टम्युल. मग चहाच्या पिशवीवरून "इन दी बिओटोने". तिन्ही लिंगं, तिन्ही द्वितीयेत, एकाच अंगणात! दास आल्टपापीअर, देर रेस्टम्युल, दी बिओटोने. 'गेल्बर झाक' म्हणजे पिवळी पिशवी पुल्लिंगी, म्हणून दह्याचा डबा "इन देन गेल्बन झाक". विशेषणाचा प्रत्ययही फुकटात मिळाला.

पुढचा धडा महागात पडला. भाजीची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून टाकली, त्यात टपालपेटीची किल्ली गेली. मी आजींच्या दारात जाऊन म्हटलं, "देर श्ल्युसेल इस्ट इन दी बिओटोने." आजी आधी व्याकरणाकडे वळल्या, मग किल्लीकडे. "इन देर. एर इस्ट या शोन द्रिन." म्हणजे तो आत जाऊन पडलाय ना, आता कुठला 'इन दी'! टाकताना द्वितीया, पडून राहिल्यावर चतुर्थी. मग झाडूच्या दांड्याला चमचा बांधून अर्धा तास किल्ली काढत होतो. तो अर्धा तास त्या बाई मला 'इन देर बिओटोने' म्हणायला लावत होत्या. जन्मात विसरणार नाही.

आता मुद्दा. इथल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे गावच्या प्रौढशिक्षण वर्गात, मी जाते. वर्गात सगळे मनातल्या मनात इंग्रजीतून जर्मन करतात. मीही करायची. एकदा बाईंनी विचारलं, कंटाळा आलाय का? मी म्हटलं, "इश बिन लांगवाइलिश." बाई हसल्या, "नाही हो, तुम्ही मुळीच कंटाळवाण्या नाही!" म्हणायचं होतं "मीर इस्ट लांगवाइलिश". मला कंटाळा आलाय. अहो, हे तर मराठीच आहे! मला थंडी वाजतेय : मीर इस्ट काल्ट. मला हे आवडतं : दास गेफेल्ट मीर. इंग्रजीच्या वाटेने गेले म्हणून पडले.

तेव्हापासून मी एक वही केलीय, डावीकडे मराठी, उजवीकडे जर्मन, मध्ये इंग्रजीला मज्जाव. तुम्हाला अशा जोड्या सापडल्या असतील तर लिहा. आणि चुकाही लिहा, माझ्या एकटीच्याच नकोत.

---

रिकामटेकडा

बर्लिनमध्ये सहा वर्षं. 'हालो', 'चूस' आणि 'मिट कार्टे बिटे' एवढ्यावर संसार चाललाय. ऑफिस इंग्रजी, मित्र इंग्रजी, केस कापणाराही इंग्रजी. तुमच्या कष्टांना सलाम, पण गरज काय?

---

नटबोल्ट

@रिकामटेकडा, बर्लिन वेगळं आणि बाकी जर्मनी वेगळी. मी बायर्नमधल्या (बव्हेरियातल्या) कारखान्यात आहे. मीटिंग इंग्रजीत होते आणि खरं काय ठरलं ते नंतर कॉफीच्या यंत्रापाशी बायरिशमध्ये ठरतं. शिवाय सरकारी पत्रं तुला कोण वाचून दाखवतं? ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असशील तर बी-वन पातळी असल्यास २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, नुसतं ए-वन असेल तर २७. माझे सहा महिने वाचले ते असे.

@खारी, पावतीचं खरं आहे. १ जानेवारी २०२० पासून गल्लायंत्र वापरणाऱ्या दुकानदाराने प्रत्येक विक्रीची पावती काढायचीच असा नियम आला, एक ब्रोत्शेन (छोटा पाव) घेतला तरी. त्यामुळे तुमच्या आजींना काम पुष्कळ.

माझी जोडी घ्या. भूतकाळात साहाय्यक क्रियापद 'हाबन' ('इश हाबे') लावायचं की 'झाइन' ('इश बिन') यात मी वर्षभर गोते खाल्ले. मग लक्षात आलं : मराठीत 'मी गेलो, आलो, पडलो, उठलो' असं क्रियापद माझ्यामागे चालतं तिथे 'इश बिन'. 'मी पोळी खाल्ली, मी सिनेमा पाहिला' असं क्रियापद पोळीच्या आणि सिनेमाच्या मागे जातं तिथे 'इश हाबे'. कर्तरी तिथे झाइन, कर्मणी तिथे हाबन. संपलं.

---

पाटीपेन्सिल

संपलं नाही. :)

वीस वर्षं पुण्यात अकरावी-बारावीला जर्मन शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. 'मी झोपलो' कर्तरी आहे, पण 'इश हाबे गेश्लाफन'. 'मी हसलो', तरी 'इश हाबे गेलाख्ट'. 'मी जर्मन शिकलो' यात तर कर्म आहे, तरी मराठीत क्रियापद कर्त्यामागे, आणि जर्मनमध्ये 'हाबे गेलेर्न्ट'. खरी कसोटी जागा किंवा अवस्था बदलण्याची : गेलो, पडलो, उठलो, मेला, मोठा झाला. तुमची किल्ली बऱ्याच कुलपांना लागते एवढंच म्हणू. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी ती आधी देत असे आणि मग काढून घेत असे.

खारी, तुमच्या 'मला'बद्दलही एक धोक्याची पाटी लावते. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी दोन्ही 'ला'. 'तू मला पाहिलंस' आणि 'तू मला पुस्तक दिलंस' यांतला 'मला' एकच. जर्मनमध्ये पहिला 'मिश', दुसरा 'मीर'. कंटाळा, थंडी, चक्कर, आवड असं काही आपल्यावर येऊन आदळतं तिथे 'मीर' डोळे मिटून लावा. बाकी ठिकाणी मराठी तुम्हाला हमखास दगा देईल.

आता गोड बोलते. विशेषणांचे प्रत्यय ऐकले की वर्ग रडायला येतो. फळ्यावर लिहा : जुनी किल्ली, जुना कप, जुनं घर. आता प्रत्यय लावा : जुन्या किल्लीने, जुन्या कपात, जुन्या घरात. तिन्ही लिंगांचं भांडण मिटलं, सगळीकडे 'जुन्या'. जर्मन : मिट देम आल्टन श्ल्युसेल, इन देर आल्टन टासे, इन देम आल्टन हाउस. सगळीकडे 'आल्टन'. आपण ज्याला सामान्यरूप म्हणतो ते हे. (पुढे 'देम'-'देर' नसेल तर गणित बदलतं, ते आज नको.) इंग्रजीत विशेषण ढिम्म हलत नाही, म्हणून इंग्रजीतून येणाऱ्याला हा अत्याचार वाटतो. आपण तर पाळण्यात असल्यापासून करतोय.

---

तेरेखोल

जर्मनीला कधी गेलो नाही, जायचा विचारही नाही, पण धागा झकास.

एक विचारतो. पूर्वी ऐकलं होतं की जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी. खरं का? लोक त्यावर फार हसतात. आमच्या सावंतवाडीकडे मालवणीत 'चेडू' नपुंसकच. गोव्यात तर चांगली कॉलेजात जाणारी पोरगीसुद्धा 'तें'. तें चेडूं खंय गेलें, असंच विचारतात. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

---

पाटीपेन्सिल

खरं आहे, दास मेट्शेन. कारण शेपटीला '-शेन' आहे, लहानपणा दाखवणारा. तो लागला की शब्द नपुंसक झालाच पाहिजे, मग मूळ शब्द कुणीही असो. मराठीत वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू बघा. '-रू' आला की 'ते'. पाव म्हणजे ब्रोट, त्याचं लेकरू ब्रोत्शेन. वीस वर्षांत हे उदाहरण सुचलं नाही, चेडवाचं तर नाहीच नाही. तेरेखोल, धन्यवाद.

---

खारी_बिस्किट

आमच्याकडे श्वाबन प्रांतात '-शेन'ऐवजी '-ले' लावतात. मेडले, हॉइस्ले. आणि आमच्या आजी लोण्याला 'देर बुटर' म्हणतात! वर्गातल्या बाई म्हणतात 'दी बुटर'. मी विचारलं तर आजी म्हणाल्या, त्या बाई उत्तरेकडच्या असतील.

पाटीताई, 'जुन्या' प्रकरण वहीत चढवलं. दंडवत.

---

संत्राबर्फी

मी लाइपझिगला नर्स आहे, मूळची नागपूरकडची. आमच्या कामात बी-टूशिवाय मान्यता मिळत नाही, त्यामुळे 'गरज काय' हा प्रश्न आम्हाला पडतच नाही जी.

'मीर'चं मी सांगते. वॉर्डात म्हातारी माणसं दिवसभर तेच बोलतात. मीर इस्ट श्विंडलिश, मला चक्कर येते. मीर इस्ट युबेल, मला मळमळते. आणि आपण विचारायचं "टूट ईनन वास वे?", तुम्हाला काही दुखते का? 'ईनन' म्हणजे 'तुम्हाला'. माझ्यासोबतच्या दुसऱ्या देशांच्या मुली 'झी' (तुम्ही) आणि 'ईनन'मध्ये अडकायच्या. मी मनात मराठीत विचारायची, की आपोआप 'ईनन' यायचं. तोंडी परीक्षेत याच्यावरच तरले.

आता माझी फजिती. आल्यावर पहिल्याच महिन्यात दाताच्या डॉक्टरची वेळ घेतली फोनवर. बाई म्हणाली "हाल्ब द्राय". हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, म्हणजे साडेतीन! साडेतीनला गेली ठसक्यात. तिथे सांगितलं, तुमची वेळ तासाभरापूर्वी गेली, आता पुढची सहा आठवड्यांनी. दात दुखतच होता, सांगून ठेवते.

वरून इथे सॅक्सनीत 'फिअर्टल द्राय' म्हणतात, म्हणजे सव्वादोन. आणि 'द्रायफिअर्टल द्राय' म्हणजे पावणेतीन. फोन ठेवला की मी बोटं मोजते.

---

पाटीपेन्सिल

अहो, हाल्ब द्राय म्हणजे अडीच! नुसतं वेळेत नव्हे, शब्दातसुद्धा. 'अडीच' आलाय संस्कृत 'अर्धतृतीय'पासून. दोन पुरे झाले आणि तिसरा अर्धा. जर्मन माणूस हेच म्हणतोय, तिसऱ्या तासातला अर्धा. दीडचंही तेच : जुनं जर्मन 'आंडरटहाल्ब', म्हणजे दुसरा अर्धा, अजून वापरात आहे. आपण अडीच आणि दीडपाशी थांबलो आणि पुढे साडेतीन, साडेचार असं 'साडे' लावत गेलो. त्यांनी घड्याळात तोच हिशेब बारापर्यंत नेला. साडेसात ऐकायचं असेल तर 'आठव्यातला अर्धा' असं मनात म्हणायचं : हाल्ब आख्ट.

द्रायफिअर्टल द्राय म्हणजे तिसऱ्यातले तीन पाव. आपला पावणेतीन म्हणजे तिनाला पाव ऊन. दोघे पोचतात एकाच ठिकाणी, एक चढून आणि एक उतरून.

---

संत्राबर्फी

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दात वाचला असता बाप्पा.

---

नटबोल्ट

आकड्यांवरून आठवलं. फ्युन्फउंडत्स्वान्त्सिश, म्हणजे पाच-आणि-वीस. इंग्रजीवाले यावरून केवढी बोंब मारतात! आपलं पंचवीस काय आहे मग? सत्तेचाळीस? आधी सात, मग चाळीस. शाळेत मराठीतून पाढे म्हटलेत ना, मग फोन नंबर मराठीत ऐका आणि मराठीतच लिहा. फक्त नऊ आला की जपून. आपण एकोणपन्नास म्हणतो, ते नऊ-आणि-चाळीस म्हणतात. माझ्याकडून एका पार्सलवर ४९ चा ५९ झालाय. 'नऊ-पन्नास' ऐकल्यासारखं वाटलं, काय सांगू.

माझं पुढचं दुखणं म्हणजे फुटणारी क्रियापदं. फलाटावर उभा आहे, थंडी उणे सहा, घोषणा सुरू : "देर त्सूग फेल्ट होइटे..." फेल्ट म्हणजे पडते. गाडी आज पडते? "...वेगेन आइनर सिग्नालश्ट्योरुंग..." सिग्नल बिघडलाय, ठीक, पुढे? "...लायडर आउस." आउसफालन! म्हणजे रद्द. वाक्य संपेपर्यंत माणूस आशेवर.

---

तेरेखोल

हे तर आपलंच की. 'गोविंदा, तुझी गाडी उद्या सकाळी पाचला सावंतवाडीहून' एवढं ऐकून कळतं का सुटणार की येणार की रद्द झाली? आपणही शेवटच्या शब्दापर्यंत कान टवकारूनच बसतो.

---

पाटीपेन्सिल

तेरेखोल, तुम्ही घरबसल्या बी-वन कराल असं दिसतंय. 'वाइल' (म्हणजे 'कारण'), 'दास' (म्हणजे 'की') लागून गौणवाक्य आलं की जर्मन क्रियापद शेवटी जातं, अगदी आपल्यासारखं. मुलं मुख्य वाक्यात अडखळतात, कारण तिथे क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं. गौणवाक्यात मात्र मराठी मूल निवांत असतं.

आणि अजून एक राहिलं, खारीच्या आजींच्याच तोंडचं. "एर इस्ट या शोन द्रिन." तो 'या' म्हणजे 'हो' नव्हे. "तो आत आहेच की!" मराठीतले 'च', 'की', 'ना', 'जरा' हे पुस्तकात शिकवता येत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय बोललेलं मराठी पोपटासारखं वाटतं. जर्मनमध्येही तसंच. "भूक नाही का तुला?" "आहे की!" हा 'की' म्हणजे 'दोख'. "बस ना" : झेट्स दिश दोख. "ये जरा" : कोम माल. विद्यार्थी मला विचारायचे, दोखचा अर्थ काय? मी म्हणायचे, 'की'चा अर्थ सांग, मग दोखचा सांगते.

---

रिकामटेकडा

बरं बाबा, हरलो. केस कापणाऱ्याला 'कोम माल' म्हणू का?

---

नटबोल्ट

म्हण, आणि डोक्यावर काय शिल्लक राहतं ते कळव. अनोळखी माणसाला 'झी'. केसांत कात्री असताना तर नक्कीच.

---

खारी_बिस्किट

वही भरत आली! अजून एक माझ्याकडून, घाईत. लांबलचक जोडशब्दांना मी फार घाबरायचे. नवीन घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करायची असते आणि त्याला घरमालकाचं पत्र लागतं. त्या पत्राचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. लिंग ओळखायचं कसं? शेवटचा डबा बघायचा : 'बेश्टेटिगुंग' दी, म्हणून सगळी आगगाडी दी. दास हाउस, दी ट्युर, देर श्ल्युसेल, म्हणून देर हाउसट्युरश्ल्युसेल. परवा साखरभात करताना सुचलं, साखर 'ती', भात 'तो', आणि साखरभात? 'तो'. पुरण 'ते', पोळी 'ती', पुरणपोळी 'ती'.

आता झी-डू, म्हणजे तुम्ही-तू, यावरूनच माझी अडचण विचारते. मागच्या रविवारी आजींना साखरभात नेऊन दिला. त्यांनी दोन पेले काढले, थोडी झेक्ट (फेसाळ वाइन) ओतली आणि म्हणाल्या, आता आपण 'डू' म्हणू या. इथे ज्येष्ठ माणसाने ते सुचवायचं असतं, म्हणजे हा मोठा मान आहे, कळतं मला. पण ७८ वर्षांच्या बाईंना 'डू'? जीभच वळत नाही. चार दिवस झाले, मी सर्वनाम टाळून बोलतेय. "कॉफी हवी का?" "किराणा आणायचा आहे का?" अशी तिरकी वाक्यं. आधीच 'माइन फाटर कोम्ट' म्हणताना 'बाबा येतो' म्हटल्यासारखं वाटतं, त्यात हे.

---

तेरेखोल

तुम्ही तुमच्या आजीला काय म्हणायचात? 'अहो आजी'?

---

खारी_बिस्किट

...

'अगं आजी.' आणि 'तू'.

---

संत्राबर्फी

हो ना! आमच्याकडेही आजी 'तू'च. 'अहो' फक्त आजोबा. झालं, सुटला प्रश्न.

---

खारी_बिस्किट

ताजी खबर. इथे 'केरवोखे' असते, आठवड्याच्या पाळीने जिना पुसायचा, पाटी ज्याच्या दारावर त्याची पाळी. ह्या आठवड्यात पाटी आजींच्या दारावर. काल संध्याकाळी त्या बादली घेऊन जिन्यावर दिसल्या. मी छातीवर दगड ठेवून म्हटलं, "कान इश दिश हेल्फन?"

आजींनी फडकं पिळलं, बादलीच्या कडेवर टाकलं आणि म्हणाल्या, "दीर."

क्षणभर मला वाटलं माझ्या दिराची चौकशी करतायत. मग पेटली. हेल्फनला चतुर्थी! पाटीताईंनी बजावलेला दगाबाज 'ला'. मी दुरुस्त करून पुन्हा म्हटलं, "कान इश दीर हेल्फन?" तेव्हा कुठे आजींनी दुसरं फडकं माझ्या हातात दिलं आणि खालच्या पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या...

म्हणाली.